गरम इंजिनावर पेट्रोलचा थेंब

दोनच दारांची, बुटकी, मागे उतरत जाणाऱ्या छताची अशी मी एक जुनी लाल गाडी आहे, मित्रांनो. माझ्यासारख्या गाडीला कूपे म्हणतात. धाराशिवहून येडशीकडे निघालात की गावाबाहेर जुन्या गाड्यांचे एक आवार लागते. तिथे पत्र्याच्या शेडखाली मी उभी असते. रस्त्याने जाणारी मुले जाळीला नाक लावून मला बघतात. एवढी वेगवान गाडी कशाला भीत असेल, असे त्यांना वाटत असावे. खरे सांगते, मी फार भित्री गाडी आहे. का, ते ऐका.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. माझे इंजिन लहान, पण त्याला टर्बो जोडलेला. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुराच्या जोरावर फिरणारा हा एक पंखा असतो. तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो आणि लहान इंजिन मोठ्यासारखे ओढू लागते. मात्र तो भयंकर तापतो. म्हणून मला घडवणाऱ्यांनी त्याच्याभोवती पत्र्याचे जाड कवच बसवले होते, आणि पेट्रोलची नळी त्या कवचापलीकडून नेली होती.

पुण्यात उत्कर्ष नावाच्या तरुणाने मला घेतले. दर रविवारी तो मला स्वतःच्या हाताने धुवायचा. सिग्नलला थांबलो की लोक माझा फोटो काढायचे आणि तो खुशीत हसायचा. ते दिवस फार चांगले होते. पण पुढे त्याला माझा वेग कमी वाटू लागला, आवाजही कमी वाटू लागला. एका गॅरेजमध्ये त्याने मला धूर सोडणारा मोठा पाइप बसवून घेतला. पाइपला जागा होईना, म्हणून टर्बोचे कवच काढून कोपऱ्यात टाकून दिले. ते परत कोणी उचलले नाही.

त्या दिवसापासून टर्बोची धग थेट माझ्या पेट्रोलच्या नळीला लागू लागली. मऊ रबर हळूहळू वाळले, कडक झाले. मग उत्कर्ष परदेशी गेला आणि मी इमारतीच्या तळघरात धुळीच्या कव्हराखाली पडून राहिले. शेवटी धाराशिवचे कृष्णराज मला घेऊन आले. जुन्या गाड्या घ्यायच्या, चकाचक करायच्या आणि विकायच्या, हा त्यांचा धंदा.

आवारात आल्यावर एका सकाळी इंजिन चालू असताना नळीच्या तोंडाशी मला काहीतरी ओले जाणवले. पेट्रोलचा एक थेंब. तो घरंगळला, गरम लोखंडावर पडला आणि चर्र करून उडून गेला. त्या वेळी काही झाले नाही. पण तेव्हापासून कोणी किल्ली फिरवली की माझा थरकाप उडायचा. मला तोंड नाही. माझ्याकडे फक्त वास होता.

तो वास कृष्णराजांनाही आला होता. त्यांनी बॉनेट उघडून दोनदा हुंगले, मान हलवली आणि म्हणाले, "पेट्रोलची गाडी हाय, वास येणारच की." मग इंजिन साबणाने स्वच्छ धुऊन टाकले.

दिवाळी तोंडावर आली होती. सोयाबीन निघून गेले होते आणि ऊन अजून उतरले नव्हते. ईट गावचे मोठे शेतकरी आण्णासाहेब मुलीला घेऊन आवारात आले. मुलगी अर्पिता पवनचक्क्यांच्या कंपनीत इंजिनिअर. लहानपणापासून तिला दोन दारांचीच गाडी हवी होती.

आण्णासाहेबांनी माझ्या मागच्या सीटवर वाकून नजर टाकली. "अगं पोरी, हितं मागं कोण बसणार? शेरडं?"

"आण्णा, मला एकटीलाच तर जायचंय कामावर."

"मग एवढ्या पळणाऱ्या गाडीत एकटीच जाणार, हे आन् जास्तीचं भ्या."

माझ्या शेजारीच एक करड्या रंगाची कूपे उभी होती. तिचे इंजिन माझ्यापेक्षा मोठे, पण साधे. टर्बो नाही, धग नाही, मोठा आवाजही नाही. अर्पिताने आधी ती चालवून पाहिली. परत आल्यावर म्हणाली, "चांगली आहे, पण गप्प आहे." मग ती माझ्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत मला उत्कर्षचे पहिले दिवस दिसले. हिने मला निवडावे, असे मला फार वाटले. आणि हिने मला निवडू नये, असेही वाटले. मित्रांनो, एकाच वेळी या दोन गोष्टी वाटणे फार वाईट असते.

अर्पिताने बॉनेटवर हात ठेवला. "कृष्णराजदादा, इंजिन गरम कसं? मी गार इंजिन बघणार म्हणून सांगितलं होतं ना? गार असताना चालू केलं तरच त्याचा खरा आवाज कळतो, धूर कळतो."

"धुतल्यावर पाणी उडावं म्हणून जरा चालू केली, ताई. तुमी चालवून तर बघा. लई ओढती."

"टर्बो आहे म्हणून ओढते. पण ईटला हिचा बिघाड कोण काढणार? साधं इंजिन कुणीही उघडतं."

"बिघडंल तवा ना!" कृष्णराज हसले.

तिने एकदा करड्या गाडीकडे पाहिले. मी जीव मुठीत धरून वाट पाहत होते. मग तिने किल्ली घेतली. शेजारी आण्णासाहेब बसले आणि मागे, गुडघे छातीशी घेऊन, कृष्णराज.

येडशीपर्यंत तिने मला सावकाश नेले. पुढे मोकळा रस्ता लागला तशी तिने पाय दाबला आणि मी झेपावले. ती हसत सुटली. आण्णासाहेबांनी दाराची मूठ घट्ट धरली. "हळू! अगं हळू!" माझ्या पोटात टर्बो तापत होता. नळीच्या तोंडाशी थेंब जमत होता, वाऱ्याने उडत होता, पुन्हा जमत होता. वारा आहे तोवर बरे, एवढेच मी मनाशी घोकत होते. थांबलो तर काय?

आणि आम्ही थांबलो ते तेरखेड्यात.

तेरखेडा म्हणजे फटाक्यांचे गाव. महामार्गाच्या कडेला दुकानांची रांगच्या रांग, दारात लवंगी माळा, भुईनळे, सुतळी बॉम्बची खोकी छातीएवढ्या उंचीपर्यंत रचलेली. "पोरांना फटाके घेऊ," असे आण्णासाहेब म्हणाले. अर्पिताने मला दुकानासमोर उभे केले आणि इंजिन बंद केले. ते खाली उतरले.

वारा थांबला. इंजिन बंद झाले तरी नळीतला दाब लगेच जात नाही, आणि टर्बो तर उभ्या गाडीत जास्तच धुमसतो. थेंबाची धार झाली. इतका वेळ ज्या वासावर माझी भिस्त होती, तो इथे कोणाला कळणार? सगळीकडे फटाक्यांच्या दारूचा वास होता. मी आतल्या आत ओरडत होते. बाहेर आण्णासाहेब भुईनळ्यांचा भाव विचारत होते.

मग भडका उडाला. लहानसाच, बॉनेटच्या आत. फटीतून धुराची एक बारीक रेघ वर आली.

"ताई, धूर!" मागून कृष्णराज किंचाळले.

अर्पिता उडी मारून उतरली. कृष्णराजांना बाहेर काढायचे तर पुढची सीट वाकवायला हवी. तिने आपल्या बाजूच्या सीटचा खटका ओढला. खटका अडकला. बसताना ते दुसऱ्या बाजूने शिरले होते, या बाजूचा खटका तळघरात पडून पडून गंजला होता. आरशात मला कृष्णराजांचा चेहरा दिसत होता. कपाळावरून घाम वाहत होता. ते सीटवर लाथा मारू लागले. अर्पिताने दोन्ही हातांनी खटक्याला हिसका दिला. सीट पुढे पडली आणि तिने दंडाला धरून त्यांना खेचून काढले.

दुकानात धुरपदाबाई बसल्या होत्या. त्या उठून ओरडल्या, "गाडी हलवा! अवं, माझ्या दुकानाला लागलं तर समदी लाइन उडंल!"

एकाने बॉनेटला हात घातला. "उघडू नका! हवा लागली की भडकेल," अर्पिता ओरडली. आणि ती पुन्हा माझ्या आत बसली. स्टिअरिंग धरायला कोणीतरी हवे होते.

"खाली उतर! अर्पिता, उतर खाली! जळू दे ती गाडी!" आण्णासाहेबांचा आवाज फाटला होता.

"ढकला, आण्णा! आधी ढकला!"

ते धावत आले आणि त्यांनी माझ्या पाठीला खांदा लावला. कृष्णराजही आले. दुकानांतले लोक आले. तिने स्टिअरिंग दोन्ही हातांनी उताराकडे वळवले. काचेपलीकडे बॉनेटच्या रंगाला फुगे येत होते, धूर आत शिरत होता, ती खोकत होती. माझी चाके हलली, उतार लागला, मी रस्त्याच्या कडेवरून घसरत एका नांगरलेल्या रानात शिरले आणि ढेकळांत रुतले. दार उघडून ती बाहेर पडली, पडतच गेली, आणि आण्णासाहेबांनी तिला ओढून लांब नेले.

लोक वाळूच्या बादल्या घेऊन आले. कोणी आग विझवायचे नळकांडे आणले. धुरपदाबाई ओले पोते घेऊन स्वतः पळत आल्या. थोड्या वेळाने माझ्यातून फक्त वाफ निघत राहिली. दुकाने जागच्या जागी होती. एकही माळ पेटली नव्हती.

आण्णासाहेब ढेकळांतच बसले. त्यांनी मुलीचा हात सोडला नाही. अर्पिता कृष्णराजांना म्हणाली, "दादा, खरं सांगा. तुम्हाला वास आला होता का?"

कृष्णराजांनी मान खाली घातली. "व्हय," ते म्हणाले. "आला होता."

ती चिडेल असे मला वाटले. पण तिचा आवाज खाली आला. "मागं तुमच्या जागी कुणाची लेकरं असती तर?"

कृष्णराज वळले आणि माझ्या मागच्या रिकाम्या सीटकडे बघू लागले.

मला दोरीने ओढून आवारात परत आणले. दिवाळी झाल्यावर अर्पिता पुन्हा तिथे आली. करड्या गाडीचे गार इंजिन तिने स्वतः चालू केले, खाली वाकून प्रत्येक नळी पाहिली, दाबून पाहिली, आणि तीच घेतली. जाताना माझ्या काळवंडलेल्या बॉनेटवरून हात फिरवून म्हणाली, "तू वाईट नव्हतीस गं." आण्णासाहेब मात्र माझ्यापासून चार हात लांबच उभे राहिले. मला त्यांचा राग आला नाही.

कृष्णराजांनी मला नवी नळी घातली. टर्बोला पुन्हा जाड कवच बसवले, तो मोठा पाइप काढला. आता कुठेही थेंब जमत नाही. तरी किल्ली फिरली की मी अजून दचकते.

परवा नळदुर्गकडचे एक जोडपे आले होते, बसवराज आणि शिवप्रिया. शिवप्रियाला मी आवडले. ती माझ्या भोवती दोनदा फिरली. म्हणाली, "हीच घेऊ या ना." माझ्यात पुन्हा तीच जुनी ओढ आणि तेच जुने भय उठले.

तिने काही विचारण्याआधीच कृष्णराज म्हणाले, "ताई, एक सांगतो. ही एकदा पेटली हाय. मी आत होतो. नळी खराब होती, मला वास आला होता, आन् मी ध्यान दिलं न्हाय. आता नीट केलीय. पण तुमी तुमचा मिस्त्री आणा, तपासून घ्या, मग बोलू."

बसवराज आणि शिवप्रिया एकमेकांकडे बघू लागले. "विचार करून सांगतो," असे म्हणून ते निघून गेले. ते अजून परत आलेले नाहीत.

मला कोणी घेतले नाही तर पुढे भंगारवाला येईल, हे मला ठाऊक आहे. त्याची भीती वाटते, खोटे कशाला बोलू? तरीही मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल, एखाद्या चमकणाऱ्या गाडीच्या प्रेमात पडाल, तेव्हा तिचा रंग बघा, वेगही बघा. पण आधी तिला गार असताना भेटा, वाकून बघा, हुंगा आणि विचारा. आणि कधी विकायची वेळ तुमच्यावर आली, तर न विचारताही सांगा. आमच्यासारख्यांचे दुखणे आम्हाला सांगता येत नाही.

परवा ते जोडपे फाटकाबाहेर पडले तेव्हा मी त्यांना वळणापर्यंत पाहत राहिले. त्यांच्या जुन्या मोटारसायकलवर ती मागे बसली होती, काहीतरी बोलत, हसत. ती दोघे सुखरूप घरी जात होती.