उजवीकडे पडलेली गाठ

तिने बाही वर सारली, उघड्या पॅनेलपुढे वाकली आणि मीटरचं टोक चौदाव्या टर्मिनलवर टेकवलं. मीटर गप्पच.

"राहू द्या ताई," मागून फोरमन म्हणाला. "दुसरं कोणी बघेल. सोमवारपासून तुम्ही पॅकिंगला बसा. तिथे डोक्याला ताप नाही."

"माझ्या डोक्याचं मी बघते. चूक माझी निघाली तर आजच जाते पॅकिंगला. सोमवारपर्यंत कशाला थांबायचं?"

लिफ्टची कंट्रोल पॅनेलं बनवणाऱ्या या कारखान्यात ती नऊ वर्षं वायरी जोडत होती. मागच्या टेबलावर तिचा थोरला भाऊ तपासणीला असे; आत्ता तोही मीटर धरून तिच्या शेजारी उभा होता. हे पॅनेल तिने गेल्या बुधवारी पुरं केलं, आणि त्याच दुपारी तिला फिट आली. अर्धा मिनिट नजर खिळली, हात कपड्याच्या बटणाशी उगाच चाळा करत राहिला, एवढंच. पण आज पॅनेल बिघडून परत आलं, आणि साऱ्या कारखान्याने तर्क लढवून टाकला.

डॉक्टरीणबाईंनी महिन्यापूर्वी तिला मेंदूचा नकाशा दाखवला होता. ठिणगी एका जागी पडते, पण त्रास तेवढ्याच जागेचा नसतो, त्या म्हणाल्या होत्या. दूरच्या भागांशी असलेल्या जोडण्या कुठे अशक्त होतात, कुठे वाजवीपेक्षा घट्ट. म्हणून शब्द अडतो. दादा सोबत होता. त्याने काळजीपोटी ते फोरमनच्या कानावर घातलं, आणि चहाच्या सुट्टीपर्यंत त्याचं 'तिच्या डोक्यातल्या वायरी ढिल्या' झालं. फिटपेक्षा तिला याचाच संताप होता.

पंधराव्या टर्मिनलवर मीटर वाजला. चौदाची वायर पंधरात बसली होती. कोणीतरी हळूच चुकचुकलं. क्षणभर तिलाही वाटलं, संपलं.

तिने वायरीचा माग काढत जुडग्यावरून बोट फिरवलं. बाकीचे प्लॅस्टिकच्या पट्ट्या लावत. ती मात्र मेणदोऱ्याने बांधायची, आणि त्यावरून चेष्टाही सहन करायची. ती डावखुरी, त्यामुळे दोऱ्याचं शेपूट नेहमी डावीकडे पडे. बोट एका जागी थांबलं. इथे ते उजवीकडे होतं.

"दादा, ही..."

शब्द अडला. एरवी दादा तो चटकन पुरवायचा. आज तो मीटरची तार गुंडाळत राहिला. तिने घाई केली नाही. दोऱ्याचं शेपूट चिमटीत धरून दाखवलं.

"ही कोणाची?"

फोरमनला काही उमगलं नाही. भावाला उमगलं.

"पॅनेल पास झालं होतं," तो खाली बघत म्हणाला. "तरी मला राहवेना. तू गेल्यावर दोन वायरी काढून परत बसवल्या. तुझ्यासारखंच बांधलं. पुन्हा तपासायचं राहून गेलं."

"फक्त बुधवारीच?"

त्याची नजर पाठवणीच्या रांगेकडे गेली. ती उठली आणि पाठवणीला ठेवलेली तीन पॅनेलं उघडली. एकात दोन शेपटं उजवीकडे, दुसऱ्यात पाच, तिसऱ्यात तिने मोजायचं सोडलं. नऊ वर्षांतली किती वर्षं, हे तिने विचारलं नाही. कात्री घेतली आणि उजवीकडे शेपूट पडलेला प्रत्येक दोरा कापून टाकला. चौदाची वायर तिच्या जागी बसवली.

"आता तपास. माझ्यासमोर. चूक दिसली तर मला सांग. पाठीमागे निस्तरायची नाही."

तो तपासत गेला. मीटर एकेका टर्मिनलवर वाजत गेला. फोरमन सोमवारचा विषय न काढताच निघून गेला.

शेवटी तिने नवा मेणदोरा घेतला.

"बोट ठेव इथे."

त्याने ठेवलं. तिने दोरा आवळला.

"गाठ," ती एकदम म्हणाली. "मघाशी हाच शब्द अडला होता."

"मला माहीत होता."

"माहीत आहे. पुढच्या वेळीही असाच गप्प बस."