डुमस रोडवरचा बर्फ

भाईदास शेठांची ती लाल गाडी आली तेव्हा कतारगामच्या गल्लीतली निम्मी माणसं ती बघायला जमली होती. शेठांचा धाकटा भाऊ बेल्जियममध्ये हिऱ्यांचा व्यापार करायचा. मायदेशी परतताना त्याने ती आणली आणि महिनाभरात परत तिकडेच गेला. गाडी राहिली. दोनच सीटा, छप्पर कापडाचं, स्टिअरिंग डाव्या हाताला, आणि इंजिन चक्क मागे. शेठांना गाडी चालवता येत नव्हती. त्यामुळे ती चालवायची ती बन्सीलालने.

बन्सीलाल मूळचा शिरपूरकडचा. सुरतेत येऊन बावीस वर्षं झाली होती. आधी पांडेसऱ्यात कापडाच्या ताग्यांचा टेम्पो चालवला, मग शेठांची अँबेसेडर. बावीस वर्षांत गाडीला साधा ओरखडा नव्हता, आणि हे तो स्वतः कधी सांगत नसे. शेठच पाहुण्यांना सांगत.

सत्त्याण्णवच्या जानेवारीतला रविवार होता. सकाळचे साडेसात वाजले असतील. शेठ दर रविवारी डुमसच्या किनाऱ्यावर चालायला जात. त्या दिवशी थंडी होती, म्हणजे सुरतेच्या मानाने बरीच. शेतांवर धुक्याचा पातळ पडदा होता. शेठांनी कानाला मफलर गुंडाळून डोळे मिटले होते. रस्ता सरळ आणि रिकामा पडला होता. महिनाभर ही गाडी गावातल्या गर्दीत बैलगाडीसारखी चालवून बन्सीलालचा पाय आखडला होता.

"शेठ, जरा पळवू का?" त्याने विचारलं.

शेठांनी डोळे न उघडता गुजरातीत म्हटलं, "जवा दे."

बन्सीलालने पाय दाबला. काटा ऐंशीवर गेला, शंभरावर गेला, पुढेही गेला. गाडीला कष्ट पडत आहेत असं वाटतच नव्हतं. मगदल्ल्याच्या अलीकडच्या वळणावर त्याला रस्ता चकाकताना दिसला. काचा फुटून पडल्यात, एवढंच त्याच्या मनात आलं. त्याने ब्रेक दाबला. गाडी थांबायच्या ऐवजी आणखी सुटल्यासारखी झाली. त्याने स्टिअरिंग डावीकडे घेतलं, तर गाडीचं ढुंगण उजवीकडे निघालं आणि समोर रस्त्याच्या जागी शेत आलं. मग पुन्हा रस्ता, पण ज्या दिशेने ते आले होते तो. मग बाभळी. चाकांचा आवाज नव्हता. बावीस वर्षांत पहिल्यांदाच हातात स्टिअरिंग असून गाडी हातात नव्हती.

ती उलट्या तोंडाने बाभळीत घुसून थांबली. शेठ मान टाकून बसले होते, कपाळावरून रक्त येत होतं. बन्सीलाल त्यांना बाहेर काढायला धावला आणि रस्त्यावर पाय घसरून पडला. तळहाताला गार लागलं. त्याने बघितलं. बर्फ होता. शुभ्र, धारदार तुकडे, आणि दोन विटांएवढं एक ढेकूळ.

त्याला काहीच कळेना. पण विचार करायला वेळ नव्हता. मागून आलेल्या रिक्षात त्याने शेठांना घातलं आणि दवाखाना गाठला.

शेठांचं गळपट्टीचं हाड मोडलं होतं. डोक्याला मार होता, पण धोका नव्हता. फक्त त्या सकाळचं त्यांना काही आठवत नव्हतं. मफलर गुंडाळल्याचं आठवत होतं, त्यापुढे पलंग.

दहा वाजता बन्सीलाल पोलिसाबरोबर जागेवर परत आला. ऊन लख्ख पडलं होतं. वळणावर रस्ता ओला होता, बस. त्या ओलीला दोन बगळे चोच लावत होते.

"कुठे आहे बर्फ?" पोलिसाने गुजरातीत विचारलं.

"इथेच होता, साहेब."

"सुरतेत बर्फ पडला आणि आम्हाला कुणी कळवलं नाही." पोलीस वही उघडत म्हणाला. "काका, झोप लागली असेल. लागते माणसाला. तसं लिहू?"

 पोलिसाने काय लिहिलं ते बन्सीलालने वाचलं नाही. सही मात्र केली.

गोडादऱ्याला घरी पोचेपर्यंत बातमी आधीच पोचली होती. त्याची बायको सरलाबाई दारातच उभी होती. तिने त्याचे हात, पाय, डोकं चाचपून बघितलं आणि मग विचारलं, "काय व्हयनं?"

त्याने सांगितलं. 

"मंग तो बरफ कथा गया?"

"वितळला."

"तुमले झोप लागनी व्हती का? खरं सांगा. मी कोनले सांगाव नही."

बायकोनेही तेच विचारलं. रात्री तो पडल्या पडल्या तळहात बघत राहिला. एक बारीक चीर होती. ती बर्फाची, की बाभळीच्या काट्याची? कदाचित खरंच डोळा लागला असेल, आणि बर्फ झोपेतच दिसला असेल. पण मग गार कसं लागलं? स्वप्नात गार लागतं का? आणि शेठ "जवा दे" म्हणाले, तेही झोपेतलंच? जितका आठवायचा प्रयत्न करावा तितकं सगळं एकात एक मिसळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो सायकलवरून त्या वळणावर गेला. पाऊण तास इकडून तिकडे फिरला. रस्त्याच्या कडेला त्याला लाकडाचा भुसा दिसला, ओंजळभर, ओला होऊन सुकलेला. त्याच्या बाजूला तागाच्या पोत्याचा फाटका तुकडा.

वळणाच्या थोडं अलीकडे एक चहाची टपरी होती. टपरीवाली बाई बोलण्यावरून नंदुरबारकडची वाटली. रुक्मिणी तिचं नाव.

"काल तुमचीच गाडी का?" तिने विचारलं. "लाल?"

"माझी नाही, शेठची. मी चालवत होतो."

"बर्फाचा टेम्पो गेला ना पहाटे, मासळीवाल्यांकडे. रोजच जातो. काल मागचं फळकं सुटलं होतं त्याचं. दोन लाद्या पडल्या. त्याला पत्ताच नाही."

बन्सीलाल बाकावर बसला. त्याला एकदम बरं वाटलं, इतकं की डोळे भरून आले.

"तुम्ही गेल्यावर मोठे तुकडे मीच उचलले," ती म्हणाली. "कोळणींना दिले. वाया कशाला घालवायचे? बारीक होते ते उन्हाने गेले."

"म्हणजे बर्फ होता."

"होता की." तिने कपात चहा ओतला. "पण तुमच्या आधी दोन सायकली गेल्या, दूधवाला गेला, एक बसही गेली. हळू गेले, निघून गेले. तुम्ही केवढ्याने आलात, भाऊ. माझ्या टपरीची ताडपत्री उडाली."

 बन्सीलालचा चहा तसाच गार झाला.

संध्याकाळी तो शेठांकडे गेला. शेठांचा मुलगा त्याच्याशी बोलला नाही. मुलाच्या मनात ड्रायव्हर बदलायचं पक्कं होतं. खोलीत शेठ उशांना टेकून बसले होते, हात झोळीत. बन्सीलालने वळणावरून आणलेली, बर्फ टिकावा म्हणून टाकतात त्या भुशाची पुडी पलंगावर ठेवली आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. टेम्पो, लाद्या, रुक्मिणी. भुसा दाखवून तिथेच थांबता आलं असतं. पण तो पुढे म्हणाला, "शेठ, काटा एकशेदहाच्या वर होता."

"एकशेदहा?"

"मी तुम्हाला विचारलं होतं, पळवू का म्हणून. तुम्ही म्हणालात, जवा दे."

शेठांनी छताकडे बघत विचारलं, "कसं म्हणालो?"

"डोळे मिटून."

"तसं नाही. जाऊ दे, पळव गाडी, असं? की जाऊ दे, नको, राहू दे, असं?"

 हा प्रश्न बन्सीलालच्या डोक्यात आलाच नव्हता. तो शब्द त्याने मनात पुन्हा पुन्हा ऐकला. एकदा तो पळव असा ऐकू आला, एकदा नको असा.

"मला नाही सांगता येत, शेठ. मला जे हवं होतं ते मी ऐकलं असेल."

"आयुष्यात कुठल्या ड्रायव्हरला मी जोरात चालव म्हटलेलं नाही," शेठ म्हणाले.

"नाही म्हटलेलं."

"पण रोज त्या गाडीत बसताना मनात यायचं, ही खरी किती पळत असेल." त्यांनी पुडीतला भुसा बोटाने चाळला. "तेव्हा म्हणालोही असेन. कोण जाणे."

 मग शेठांनी मुलाला हाक मारली आणि सांगितलं, बन्सीलाल उद्यापासून अँबेसेडरवर येईल. मुलाने कारण विचारलं. शेठ म्हणाले, मला सांगता येत नाही.

बन्सीलाल पोलीस चौकीतही जाऊन आला. टेम्पोचं सांगितलं आणि वेगाचंही. पोलिसाने दोन्ही लिहून घेतलं आणि म्हणाला, "काका, यातलं खरं कुठलं धरायचं?"

"दोन्ही," बन्सीलाल म्हणाला.

महिन्याभराने मुंबईचा एक माणूस ती गाडी आहे त्या स्थितीत विकत घेऊन ट्रकवरून न्यायला आला. चेपलेल्या मागच्या भागाभोवती फिरून त्याने विचारलं, "ही ठोकली कशी?"

"मी जोरात चालवत होतो," बन्सीलाल म्हणाला.

"रस्त्यावर बर्फ होता," शेठ त्याच वेळी म्हणाले.

त्या माणसाने एकदा याच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघितलं. ही दोघं आपली मस्करी करतायत असं त्याला वाटलं असावं. तो ट्रकवर चढून दोरखंड आवळायला लागला. शेठांना साडेअकराला डॉक्टरकडे हाड दाखवायला जायचं होतं. बन्सीलालने अँबेसेडरचं दार उघडलं, त्यांचा झोळीतला हात सांभाळून त्यांना आत बसवलं, आणि ट्रक गल्लीतून बाहेर पडायची वाट बघत स्टिअरिंगवर हात ठेवून बसला.