सोळाचं ॲव्हरेज

पोराचे मार्क आणि गाडीचं ॲव्हरेज खरं सांगणारा माणूस पुण्यात अजून जन्माला यायचाय. दिगंबर तर त्यातला नव्हताच. मार्केट यार्डातून मंडईत भाजी आणणारी त्याची दीड टनी डिझेल पिकअप तो स्वतःच चालवायचा, आणि कुणी विचारलं की बेधडक सांगायचा, "लिटरला सोळा." तसे तिनं एकदा दिलेही होते. साताऱ्याहून रिकामी येत होती, रस्ता मोकळा होता, उतार लांब होता. त्या एका दिवसावर गड्यानं तीन वर्षं काढली. एरवी बटाट्याची पोती भरून, सिग्नलला घुटमळत चालली की तीच गाडी अकराच्या वर जायची नाही. पण हे एक त्याला ठाऊक आणि एक पंपाला. आपण बोललो तर कुणाचं काय जातंय, असं त्याला वाटायचं. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

मग मेहरुनभाभींनी तसलीच गाडी घेतली. मंडईत त्यांचा फळांचा गाळा, आणि कर्वेनगरपासून विश्रांतवाडीपर्यंतच्या दुकानांना त्या माल पोचवायच्या. घेण्याआधी त्यांनी विचारलं होतं, "दिगंबरभाऊ, खरंच सोळा देते?" त्यावर हा म्हणाला होता, "भाभी, डोळे झाकून घ्या."

गाडीवर त्यांनी नासिरभाईंना ठेवलं. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, तीस वर्षं ट्रक चालवलेला, कधी कुणाशी चढ्या आवाजात बोलणं नाही. पहिल्या महिन्यात गाडीनं अकरा दिले. भाभी चहाच्या टपरीवर दिगंबरकडे आल्या आणि म्हणाल्या, हे काय गौडबंगाल आहे बघा.

आता इथं खरं बोलायला काय धाड भरली होती? पण भोवती बटाटेवाला श्यामसुंदर आणि आणखी चार-पाच जण उभे होते, आणि चारचौघांत आपली थाप आपणच मोडायची म्हणजे दिगंबरच्या जिवावर आलं. तो म्हणाला, "माझी सोळा देते, तर तुमची का नाही देणार? डिझेल बाहेर जात असेल. जरा दम द्या माणसाला, सुतासारखा सरळ येईल."

भाभींनी दम दिला. शिवाय सोळाच्याच हिशेबानं पंपाची चिठ्ठी द्यायला सुरुवात केली. जेवढे किलोमीटर, तेवढंच मोजून डिझेल. आणि काय सांगावं, त्या दिवसापासून गाडी सोळावर चालायला लागली. कधी बंद पडली नाही, कधी कुठे माल पोचला नाही असं झालं नाही. मंडईनं काय समजायचं ते समजून घेतलं. दम दिल्यावर सोळा, म्हणजे आधी चोरत होताच. नासिरभाई चहाला आले की बोलणं थांबायला लागलं. पुढे पुढे ते चहाला येईनासे झाले.

दिगंबर मनातून चकित होता. आपली थाप खरी कशी निघाली? भाभींची गाडी नवी आहे, फळं हलकी असतात, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. खरं सांगायचं तर त्याला बरंच वाटलं.

चार महिने असेच गेले. एकदा सकाळी स्वारगेटच्या पंपावर तो रांगेत उभा होता आणि पुढे भाभींची गाडी होती. नासिरभाईंनी चिठ्ठी दिली, पाच लिटर भरून घेतलं. मग शर्टाच्या आतल्या खिशातून चुरगळलेल्या नोटा काढल्या आणि पंपावरच्या माणसाला म्हणाले, "रोजचं आणखी सव्वादोन."

दिगंबरनं गाडी बंद केली. तो उतरून पुढे गेला.

"नासिरभाई, हे कुणाचे पैसे?"

नासिरभाई असे दचकले, जणू चोरी खरंच पकडली गेली. "शेठ, भाभींना सांगू नका. माझेच आहेत. पगारातले."

"आणि घरी?"

"घरी सांगितलंय, पगार कमी केला म्हणून." ते थोडं थांबले. "नोकरी सोडली असती, पण मग चोर म्हणूनच गेलो असतो. या वयात कोण उभं करणार?"

दिगंबरला काही बोलायचं होतं, पण नासिरभाईंनीच त्याचा हात धरला. "शेठ, बरं झालं भेटलात. तुमच्या हाताला सोळा येतं. माझाच पाय जड झालाय बघा, वय झालं. चप्पल काढून चालवतो, पायाला अंदाज यावा म्हणून, तरी अकराच. एक दिवस माझ्या शेजारी बसाल का? माझं कुठे चुकतंय तेवढं सांगा."

दिगंबरनं खाली बघितलं. नासिरभाईंचे पाय अनवाणी होते, पेडलवर घासून घासून उजव्या टाचेला भेग पडली होती. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणतात ते त्याला त्या क्षणी कळलं. मागून हॉर्न वाजत होते आणि त्याला हात सोडवून घ्यायचीही लाज वाटत होती.

"तुमचं काही चुकत नाही," एवढंच तो कसंबसं म्हणाला आणि डिझेल न भरताच निघाला.

तो तडक मेहरुनभाभींच्या गाळ्यावर गेला. त्या डाळिंबं लावत होत्या. त्यानं सगळं सांगून टाकलं, सातारा, उतार, तीन वर्षांची थाप, पंपावरच्या नोटा. भाभींचा हात थांबला.

"पहिल्याच महिन्यात ते मला म्हणाले होते, भाभी, ही गाडी भरून अकराच देते," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, दिगंबरभाऊ खोटं बोलतील का? तुमच्या शब्दावर मी बापाच्या वयाच्या माणसाला चोर म्हटलं, भाऊ. त्यांचे पैसे मी देईन, पायाही पडेन. पण तुम्ही मला गाळ्यात येऊन कानात काय सांगताय? दम द्या, हे कुठे म्हणाला होतात?"

दिगंबर टपरीवर गेला. तिथं तेव्हा माणसं होती, आणि भाभी नासिरभाईंना बोलावून घेऊन आल्या होत्या. नासिरभाई खांबाशी उभे राहिले, बोलणं थांबेल म्हणून आधीच लांब.

"ऐका जरा," तो म्हणाला. "माझी गाडी सोळा देत नाही. कधीच देत नव्हती. भरून अकरा देते."

कुणाला काही उमजेना. श्यामसुंदरनं बशीतला चहा फुर्रकन ओढला आणि नेहमीच्या सवयीनं बोलून गेला, "अकरा? मग सरळ आहे शेठ, ड्रायव्हर चोर आहे तुमचा."

एक-दोघे हसले. नासिरभाईंनी मान खाली घातली.

"माझा ड्रायव्हर मीच आहे," दिगंबर म्हणाला.