बाहेरून लागलेलं कुलूप

मित्रांनो, मी एक जुनं पितळी कुलूप आहे. माझा जन्म अलीगढच्या एका कारखान्यात झाला. कळंबच्या बाजारातून सदाशिवरावांनी मला आणलं आणि घराच्या पुढच्या दाराला लावलं. घरचे सगळे ढाणकीला नातेवाइकांकडे गेले की मी एकटाच दारावर असायचो. परत आल्यावर सदाशिवराव मला तळहातावर घेऊन म्हणायचे, "यानं घर जपलं." ते ऐकून मला फार बरं वाटायचं.

सदाशिवराव वारले. घरात त्यांचा मुलगा श्रेयस आणि सून केतकी राहू लागले. श्रेयसला एका हिंदी पिक्चरचं वेड लागलं. मी दाराबाहेर असतो, म्हणून तो पिक्चर मला कधी दिसला नाही. फक्त ऐकू यायचा. त्यात एक माणूस एका बाईला म्हणायचा, "तुम्हें दुनिया की नजर से बचाऊंगा." मग दार आपटायचं. मग ती बाई रडायची. श्रेयस तो रोज पाहायचा. हळूहळू केतकीशीही तो तसंच बोलू लागला. घरातलं कोण बोलतंय आणि पिक्चरमधलं कोण, हे मला कळेनासं झालं.

एका सोमवारी केतकीला यवतमाळच्या एका दवाखान्यात नर्स म्हणून रुजू व्हायचं होतं. दुपारी बारापर्यंत पोहोचली नाही, तर जागा दुसरीला जाणार होती. सकाळी श्रेयस एकटाच बाहेर आला. आत पिक्चर मोठ्यानं चालू होता. त्यानं मला कडीत अडकवून दाबलं आणि दाराला तोंड लावून म्हणाला, "मी तुले जपूनच राह्यलो, केतकी."

मी गोंधळलो. जपायचं म्हणजे चोराला बाहेर ठेवायचं, एवढंच मला ठाऊक होतं.

तो गेल्यावर आतून थापा पडू लागल्या. कुणी रडत होतं. मला वाटलं, ती पिक्चरमधलीच बाई. शेजारच्या विमलताई ओट्यावर तूर पाखडत होत्या. फुलचंद ऑटोवाला त्यांच्याकडे पाणी प्यायला थांबला होता.

"काकू, आत कोणी रडून राह्यलं का?"

"दाराले कुलूप हाय ना! टीव्ही चालू ठेवून गेले दोघं. उंदरं पाहून राह्यले असतील पिक्चर!"

दोघं हसले. माझ्याकडे पाहूनच त्यांची खात्री झाली होती.

तेवढ्यात आतून हाक आली, "काकू वो! मी केतकी! काहून ऐकत नाही तुम्ही? मले कोंडलं वो!"

विमलताईंच्या हातातलं सूप थांबलं. "फुलचंद, पिक्चरमधली बाई आपल्यासारखी कायले बोलन रे? माह्या घरातून सब्बल आण!"

फुलचंदनं सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, कडीत घातली. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, आपण तुटावं. पण मला तुटता आलं नाही. कडीच उखडली आणि मी बंदच्या बंद खाली पडलो.

केतकी कागदांची पिशवी घेऊन बाहेर आली. "किती वाजले?"

"साडेदहा. बस ऑटोत," विमलताई म्हणाल्या. "रडाचं ते रस्त्यानं रड."

बाराच्या आधी ती रुजू झाली. त्या घरात ती परत आली नाही.

श्रेयस अजून सगळ्यांना सांगतो की त्यानं तिला जपलंच होतं. सदाशिवरावांचाही शब्द हाच होता. दोघांचा शब्द एकच कसा, हे मला अजून उमगत नाही.

मित्रांनो, मला तेल घाला, घासूनपुसून ठेवा, असं मी म्हणणार नाही. एवढंच मागतो. दाराला कुलूप असलं आणि आत कुणी रडत असलं, तर माझ्यावर विश्वास ठेवू नका. नाव घेऊन हाक मारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा.