पाच दिवसांची गंगा

दर मंगळवारी सकाळी बेसा गावाच्या पलीकडे, नाल्याकाठी, दोनशे माणसं तांबे आणि बाटल्या घेऊन रांग लावायची. एका टोकाला काळं, फेसाळ गटार आत शिरायचं आणि पन्नास पावलांवर दुसऱ्या टोकाच्या नळातून नितळ पाणी पडायचं. मधे शालिकराम महाराज डोळे मिटून बसलेले. हे गृहस्थ दोन वर्षांपूर्वीपर्यंत सीताबर्डीत फूटपाथवर कुलपांच्या किल्ल्या करायचे.

“बोलो, मैला गया कि नहीं गया?”

“गया!”

“कहाँ गया?”

“बाबाच्या पोटात!”

अख्ख्या वस्तीचा मैला पोटात घेऊनही महाराजांना पेढ्यांसाठी जागा उरायची, एवढाच काय तो चमत्कार.

कारण लोक जिला गंगा म्हणायचे, ती मी बांधली होती. १९८३ साली मी एका प्रयोगशाळेत कनिष्ठ अभियंता होतो. आधी गाळ बसायला टाकी, पुढे गिट्टी भरलेला लांब वाफा आणि त्यात दाट पाणकणीस. गटाराचं पाणी गिट्टीतून, मुळांच्या जाळ्यातून हळूहळू सरकतं. घाण गिट्टीत अडकते आणि तिथले जिवाणू ती खातात. आत गेलेलं पाणी बाहेर यायला पाच दिवस लागतात. ते झाडांना चालतं, प्यायला नाही. हगवणीचे जंतू त्यात उरतात आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत.

पण उद्घाटनाच्या दिवशी मी यातलं काही बोललोच नाही. एका हातात गटाराचा ग्लास, दुसऱ्या हातात नळाचा ग्लास धरून लोकांपुढे उभा राहिलो. टाळ्या पडल्या आणि मी फुशारलो. पुढच्या मंगळवारी महाराजांनी तेच दोन ग्लास उचलले.

वाफ्याची देखभाल गोपिका करायची. जाळीवरचा कचरा दाताळ्याने ओढायचा, वाळलेली पाणकणसं विळ्याने कापायची. एका सोमवारी तिच्या दीड वर्षाच्या शामलाला जुलाब सुरू झाले आणि सासू बायजाबाई नातीला चमच्याचमच्याने नळाचं पाणी पाजू लागली.

“बाई, पोरीला दवाखान्यात न्या. ते गटाराचं पाणी आहे,” मी म्हणालो.

“गटार वरच्या टोकाले, साहेब. बाबानं मंतरल्यावर ते गटार राहते काय?”

गोपिका माझ्या मागोमाग फाटकापर्यंत आली. सासूला ती आत्याबाई म्हणायची. “बाबा काहीच करत नाही, हे आत्याबाईले दाखवून द्या, साहेब. नाही तं त्या मले पोर घराबाहेर नेऊ देत नाही.”

मी प्रयोगशाळेतून पाण्याचा माग काढायचा गुलाबी रंग आणला. मंगळवारी सगळ्यांसमोर गोपिकेनेच तो बादलीभर रंग वरच्या टोकाला ओतला. “रविवारी बाबा असोत-नसोत, हा रंग नळातून येईल,” मी जाहीर केलं. महाराजांनी मंत्र म्हटला. नळाला नितळ पाणी.

“रंग गया कि नहीं गया?”

“गया!” लोक माझ्याकडे बघून हसले.

ते पाच दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. रोज उकळलेलं मीठ-साखरेचं पाणी त्यांच्या दारात नेऊन द्यायचो. माझी पाठ फिरली की बायजाबाई ते तुळशीत ओतायची. शामलाचे डोळे खोल गेले. रडताना पाणी येईना. शुक्रवारी रिक्षा घेऊन गेलो तर गोपिकेच्या नवऱ्याने, लहानूने, दार लावून घेतलं. “घरचा मामला हाय, साहेब. जा तुम्ही.” मी रिक्षा परत पाठवली. आजही त्याचा राग येतो, त्याच्याहून माझा.

रविवारी महाराज रामटेकला गेले होते. सकाळी आठाला नळ गुलाबी झाला. मी ओरडून सगळ्यांना बोलावलं. पाणकणसाचा गड्डा उपटून त्याची काळी मुळं दाखवली, हाताने गिट्टी उकरली. “बाबा इथे नाहीत, मंत्र नाही, तरी रंग आला. मंगळवारचं गटार आज बाहेर आलंय. हेच तुम्ही पिता!”

मला वाटलं, जिंकलो.

“गंगामायनं कुंकू धाडलं वं!” बायजाबाईने हात जोडले आणि माणसं वाकून ते गुलाबी पाणी कपाळाला लावू लागली.

“कुंकू नाही ते, आत्याबाई,” गोपिका म्हणाली. “म्याच ओतलं. या हातानं.” ती घरात गेली, पोर उचलली आणि तडक रस्त्याला लागली. या वेळी लहानूही आडवा आला नाही.

दवाखान्यात सलाईन लावायला शीर सापडेना. सोमवारी दुपारी शामला गेली.

पंधरवड्याने गोपिका दाताळं घेऊन कामावर आली. “साहेब, तुमाले सारं ठाऊक होतं. तं तुम्ही गिलास धरून उभे होते, त्याच दिवशी काहून नाही सांगितलं?”

मंगळवारची रांग तर आणखी लांबली होती. आता कुंकवाचं तीर्थ हवं होतं.

म्हणून उशिरा का होईना, सांगतो. नितळ पाणी शुद्ध असतंच असं नाही. पाणी उकळून प्या. लेकराला जुलाब झाले तर मीठ-साखरेचं पाणी पाजत दवाखाना गाठा. आणि कुणी दोन ग्लास धरून पुढे उभा राहिला, बुवा असो की माझ्यासारखा साहेब, तर टाळी वाजवण्याआधी त्याला विचारा: मधे काय आहे?