तिच्या वाटणीचा घास

कावळा काही पिंडाला शिवेना.

तेरणेच्या काठी सुदाम हात जोडून उभा होता. नुकतंच भादरलेलं डोकं उन्हात चकाकत होतं. भूकंपात त्याचं घर बसलं होतं. लोकांनी त्याला आणि लहानग्या लेकीला, सिंधुला, बाहेर ओढलं. बायको, धुरपता, सापडली ती उशिरा. तोंड ओळखण्यासारखं नव्हतं. गौरीच्या सणाला घेतलेल्या हिरव्या लुगड्यावरून त्यानं तिला ओळखलं आणि शेजारच्या सरणाचा विस्तव घेऊन अग्नी दिला. त्या दिवशी गावात सगळे शेजारूनच विस्तव घेत होते.

आज तिचा दहावा. पानावर तिच्या आवडीची भाकरी नि ठेचाही ठेवला होता. चुलते लक्ष्मणराव म्हणाले, जीव कशात तरी अडकलाय, बोल काही. सुदाम बोलत गेला. सिंधुला लातूरला शिकवीन. तंबाखू सोडीन. दुसरी करणार न्हाई. बाभळीवरच्या कावळ्यांनी मान तिरकी करून सगळं ऐकून घेतलं. उतरलं कुणीच नाही.

तेवढ्यात बांधापाशी जीप थांबली. खाली उतरली ती धुरपता.

डोक्याला पट्टी, अंगावर कुणीतरी दिलेलं पातळ. जवानांनी तिला बेशुद्धच ढिगाऱ्यातून काढून सोलापूरला नेलं होतं. नाव सांगण्याइतकी शुद्ध कालच आली.

तिनं नवऱ्याचं भादरलेलं डोकं पाहिलं आणि हळूच विचारलं, "कोन गेलं हो?"

सुदामनं चुलत्याकडं पाहिलं. लक्ष्मणरावच म्हणाले, "तूच, माय."

सिंधु धावत येऊन तिच्या पायांना बिलगली. मग रडता-रडता बायकांनी तिला नवऱ्याची वचनं सांगितली. धुरपता खाली बसली. "जितेपनी तंबाखू सुटली न्हाई," म्हणाली, "मेल्यावर बरी सुटली."

लोक हसले, डोळे पुसत हसले. ऊठ म्हणाले, चल, चार घास खा. ती उठेना. पिंडाकडं बघत राहिली.

"मंग जळाली ती कोन?"

हसू जागीच विझलं. सुदामनं स्वतःच्या हातांकडं पाहिलं. तसली हिरवी लुगडी दुकानदारानं एकाच गठ्ठ्यातून गावभर विकली होती.

जात्यावर ओवी यावी तसं धुरपताच्या ओठी आलं:

"तेरणा माय बाई, सांग मला एक नाव,
माझ्या सरनी निजली, तिचं कोनतं गं गाव?"

नदी वाहत राहिली. धुरपतानं पदर पसरला. "बाई, तुझं मला कायबी ठाव न्हाई. माझं मरन तू नेलंस. आता माझ्या चुलीवरचा पयला घास तुझा. तुझ्या वाटचं बी जगते मी."

बाभळीवरून एक कावळा उतरला.

मग तिनं भाकरीचा तुकडा तोंडात घातला. मीठ, मिरची, धूर. एवढी चव अन्नाला असते, हे तिला ठाऊकच नव्हतं.

पुढं सिंधु शिकली, लातुरात शिकवणी वर्गात शिकवू लागली. धुरपतानं तिथंच पोरींची खानावळ घातली. रोज पहिलं ताट ती बाजूला काढते. एकदा परीक्षेत गुण कमी पडले म्हणून राजकन्या नावाची पोर भिंतीकडं तोंड करून बसली, सकाळपासून उपाशी, तेव्हा धुरपतानं तेच ताट तिच्यापुढं ठेवलं.

"हे कुणाचं, मावशी?"

"एका बाईचं. तिला जेवता येत न्हाई," धुरपता म्हणाली. "तुला येतंय. जेव."