शनिवारच्या संध्याकाळची हाक

मी तोबा सरोवराकाठच्या एका लहान चर्चची जुनी घंटा आहे. चार भाग तांबे, एक भाग कथील, असा माझा देह. हजार अंशांहून अधिक तापलेल्या भट्टीतून मला साच्यात ओतले, बोटीने आणले, आणि डोंगर उतरताना चाळीस माणसांनी माझे दोर धरले. मित्रांनो, आता मी थकले आहे. कडेला केसाएवढी भेग आहे आणि सूर अर्ध्यावर घोगरा होतो.

माझी कामे दोनच. शनिवारी संध्याकाळी उद्याच्या प्रार्थनेला बोलावायचे, आणि मंडळीच्या वहीत नाव असलेले कोणी वारले तर बारा संथ ठोके द्यायचे. वहीत नाव नसेल तर मी गप्प राहते.

नरकावरची प्रवचने मी शंभर वर्षे ऐकली. पहिले पाळक आगीबद्दल सांगत, तेव्हा मुले आईच्या शालीत तोंड लपवत. मला आगीचे भय नव्हते, मी तिच्यातूनच जन्मले. नंतरचे एक पाळक मात्र म्हणाले, "देवाकडे जन्मभर पाठ फिरवली, तर शेवटी देव माणसाला त्याच्या मर्जीवर सोडतो. मग त्याला कोणी हाक मारत नाही. तोच नरक." तेव्हा मी शहारले.

मारोलोप सुताराची लेक नऊ दिवसांची असताना वारली. बाप्तिस्मा पुढच्या रविवारी होता, म्हणून वहीत नाव नव्हते, म्हणून ठोके पडले नाहीत. मारोलोपने स्वतःचे नावही खोडायला लावले. "ज्या देवाच्या वहीत माझी लेक मावत नाही, तो देव तुम्हाला लखलाभ," तो म्हणाला. पुढे चाळीस वर्षे तो चर्चमध्ये आला नाही. पण दरवर्षी कापणीआधी मनोऱ्यावर चढून माझ्या आसाला डुकराची चरबी लावायचा. त्याची बायको तिओमिनार खाली शिडी धरायची.

"एवढं चढतोस, मग दहा पावलं आत जायला पाय मोडतात का?"

"घंटा कुरकुरते म्हणून येतो. तुझे पाळक कुरकुरले तर त्यांनाही लावीन."

ती हसायची. एकदा मात्र म्हणाली, "मी मरून वर गेले आणि तू तिथे नसलास, तर मी काय करू?"

त्याने आसाची तीच जागा पुन्हा पुसली. "मनात नसताना आलो, तर देवाला कळणार नाही का?"

गेल्या वर्षी त्याला दम लागू लागला. मंडळीचा कारभार पाहणारे वडील जोंग्गी म्हणजे त्याचा बालमित्र. माझा दोरही तेच ओढतात. ते वही घेऊन त्याच्या घरी गेले आणि परतल्यावर माझ्याखाली उभे राहून हल्लीच्या तरुण पाळकांना म्हणाले, "म्हटलं, लाए, मित्रा, नाव लिहू का? तर म्हणतो, तुझ्या समाधानासाठी लिहू नकोस."

गुरुवारी सकाळी मारोलोप गेला. दुपारी तिओमिनार आली.

"इनांग, माई, वहीत नाव नाही," जोंग्गी मान खाली घालून म्हणाले. "बारा ठोके मला देता येणार नाहीत."

"मी मागितले का? शनिवारी घंटा किती वाजता देतोस?"

"साडेपाचला."

"मग त्याला शनिवारी साडेपाचला पुरू."

जोंग्गींनी दोर हातात घेतला. "ती मेलेल्यांची घंटा नव्हे. ती बोलावण्याची."

"मला तीच हवी आहे."

शनिवारी पाळक कबरीवर गेले नाहीत. लेकीच्या इवल्याशा मातीशेजारी पेटी उतरत असताना जोंग्गींनी दोर ओढला. नेहमी वीस ठोके असतात. त्या दिवशी त्यांनी मोजले नाहीत. भेग दुखत होती, तरी मी वाजत राहिले.

मारोलोपने ऐकले का, मला माहीत नाही. माझा आवाज पाण्यावरून तीन कोस जातो. त्यापलीकडे किती जातो, हे मोजायचे साधन माझ्याजवळ नाही.

यंदा कापणी झाली, पण माझ्या आसाला कोणी हात लावला नाही. तिओमिनार चरबीची वाटी घेऊन शिडीपाशी येते. तिच्याने चढवत नाही. कोणी भेटते का बघते आणि वाटी पायरीवर ठेवून आत जाते.

मित्रांनो, कोणीतरी वर या. आणि हाक ऐकू येत असेल, तर उत्तर उद्यावर टाकू नका. दोर ओढणारे हात म्हातारे झाले आहेत, आणि माझी भेग दर शनिवारी थोडी वाढते.